चमक समाधानकारक

आमच्या संशोधन संस्थेत बाहेरून आलेली कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय वापरायची नाही, असा नियम आहे. खुर्ची आली की बसून बघतात, छत्री आली की उघडून बघतात. तपासणी समितीत साहेब अध्यक्ष, भांडारपाल सदस्य, आणि तिसरी सही लागते म्हणून मी, आस्थापना लिपिक.

त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या ताईंची कुपी आली. आत चमकणारी प्रतिपिंडं होती. डुकराच्या रक्तात ती सोडली की रोगाशी लढणाऱ्या पेशी हुडकून त्यांनाच चिकटतात, आणि यंत्राला त्या पेशी चमकताना दिसतात. ताईंनी तीन वर्षं खपून डुकरांसाठी लस तयार केली होती. ती लागू पडली की नाही, हे आज कळणार होतं. लस दिलेल्या डुकराचं रक्त सकाळीच काढलेलं, त्यातल्या पेशी टिकणार संध्याकाळपर्यंत, आणि ताईंच्या नेमणुकीची मुदत उद्या संपत होती.

खोक्यावर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. वाचता येईना, म्हणून साहेबांनी खिडकीचे पडदे बाजूला सरकवले, दिवे लावले, कुपी काळ्या कागदातून बाहेर काढली आणि मग सूचना मोठ्याने वाचली, "उजेडात उघडू नये."

"साहेब, झाका आधी! उजेडानं चमक मरते," ताई कळवळून म्हणाल्या.

"खरेदी आदेशात 'चमकणारी' असं लिहिलंय ना? मग चमकायला नको? मला तर साधं पाणी दिसतंय."

"डोळ्यांना नाही हो दिसत, यंत्रात दिसतात. निदान अंधारात तरी बघा!"

भांडारपालांनी नियम काढला. तपासणी पुरेशा उजेडात व्हावी, असं त्यात स्पष्ट होतं. खोलीतला उजेड पुरेसा आहे का, यावर मतभेद झाले, म्हणून समिती कुपीसह गच्चीवर गेली. तिथे भर उन्हात तासभर आम्ही आळीपाळीने कुपी डोळ्यांपुढे धरली. मला काही दिसलं नाही. बाकीचे दोघे गप्प होते, म्हणून मीही गप्प राहिलो.

ताई रडकुंडीला आल्या. साहेब मनाने फार चांगले. "जाऊ दे, पोरीचं काम अडायला नको," म्हणत त्यांनी शेरा लिहिला, 'चमक समाधानकारक.' तिघांनी सह्या केल्या.

संध्याकाळी यंत्रात एकही पेशी चमकली नाही. कुपी प्रमाणित होती, यंत्र प्रमाणित होतं. राहता राहिलं डुक्कर. साहेबांनी अहवाल धाडला: सदर डुकराच्या रक्तात रोगप्रतिकारक पेशी आढळून आल्या नाहीत, सबब लस निरुपयोगी. सदर डुक्कर त्या वेळी खिडकीखालच्या वाड्यात ठणठणीत उभं राहून खाण्याचं दुसरं घमेलं चाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताई सामान आवरून निघाल्या. जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "दादा, तुम्ही काय बघून सही केलीत हो?"

"वरच्या दोन सह्या," मी खरं ते सांगितलं. फार वाईट वाटलं मला.

तुम्ही हसताय. हसा. पण काल मोबाईलवर 'सर्व अटी वाचल्या व मान्य आहेत' या चौकटीत तुम्ही टिचकी मारलीत, तेव्हा वर तर एकही सही नव्हती.