कुसगाळीच्या हत्तींचा वहिवाट दावा

कुसगाळीच्या हत्तींनी वहिवाटीचा रस्ता खुला करून मिळावा म्हणून मामलेदारांकडे दावा लावला, तेव्हा मी तिथे अव्वल कारकून होतो. अर्जात एकच त्रुटी निघाली: अर्जदारांनी वय लिहिलं नव्हतं. मी अर्ज परत केला, त्यांनी दुरुस्त करून आणला, आणि मी तो नोंदवून घेतला.

वादी एकूण एकोणीस. घाटमाथ्यावरच्या रानातून खाली नदीवर उतरणारी त्यांची वाट सत्यवती गवस यांच्या घराच्या जागेतून जात होती. वाट सिद्ध झाली असती तर घर पाडावं लागलं असतं. सत्यवतीबाईंना दुसरं घर नव्हतं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आणि ते घर दोघा नवराबायकोने स्वतः चिरे वाहून बांधलेलं. बाई वकिलाशिवायच आल्या होत्या.

हत्तींतर्फे कळपातली सर्वांत वयस्क हत्तीण हजर राहत असे. ती दालनात मावत नसल्यामुळे मामलेदार देवस्थळी साहेबांनी व्हरांड्यात टेबल मांडून घेतलं. तिचा आवाज कानांना ऐकू येत नसे. ग्लासातलं पाणी थरथरायचं, बरगड्यांत काहीतरी घुमायचं, आणि मग तिचं म्हणणं आपल्याला कळलेलं असायचं. नोकरीत मी शेकड्यांनी जबाब घेतले, पण इतका मुद्देसूद पक्षकार दुसरा पाहिला नाही. आमच्या वकील मंडळींनी चार दिवस तिच्याकडे शिकवणी लावायला हरकत नव्हती.

"ही वाट तुम्ही कधीपासून वापरता?" साहेबांनी विचारलं.

"मला आईने दाखवली. तिला तिच्या आईने. त्या आधीचं वाटेलाच विचारावं लागेल."

"वाटेची साक्ष घेण्याची तरतूद नाही."

"साठ वर्सां हय एक हत्ती फिरकलो नाय," सत्यवतीबाई म्हणाल्या. "माका सांगा, आता खयची वाट?"

"साठ वर्षं वर रानात पाणी होतं," हत्तीण म्हणाली. "आता नाही."

मी तेवढं लिहून घेतलं.

पुढच्या तारखेला वादींनी साक्षीदार आणला. वेदांगी केरकर नावाच्या या बाई नऊ वर्षं त्याच कळपामागून फिरून संशोधन करत होत्या. कानाच्या कडा बघून त्या प्रत्येक हत्तीला ओळखत, आणि कळपाची लीद पिशव्यांत भरून तपासत. एक पिशवी त्यांनी पुरावा म्हणून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती अदबीने जरा लांब सरकवली.

"हत्ती फणस आठळ्यांसकट खातात," केरकरबाई म्हणाल्या. "आठळ्या लिदीतून वाटेवर पडतात आणि रुजतात. जुनी वाट शोधायची असेल तर फणस शोधा, साहेब."

"अहो, कोकणात फणस कुठे नाहीत?"

"ओळीत आहेत का, ते बघायला चला."

म्हणून स्थळपाहणी ठरली. साहेब, मी, दोन पंच, केरकरबाई, सत्यवतीबाई आणि हत्तीण असे आम्ही सकाळी खिंडीत चढलो. मी टेप बाहेर काढली, खाली बघितलं, आणि टेप हातातच राहिली.

खिंडीपासून नदीपर्यंत फणसांची एकच ओळ होती. मध्ये आईन होते, किंजळ होते, काजू होते, पण फणस त्या ओळीबाहेर एकही नव्हता. कातळ आला की ओळ वळत होती, चढ आला की तिरकी होत होती, जशी एखादी जड बाई पोरांना सांभाळत घाट उतरेल तशी. वरचे फणस तिघांच्या कवेत मावणार नाहीत एवढे होते. या डोंगराखाली मी जन्मलो, वाढलो, म्हातारा व्हायला आलो, आणि ती ओळ मला कधी दिसली नव्हती. साहेबांनी टोपी काढून हातात घेतली.

"मोजा," ते हळूच म्हणाले. मी मोजले. एकशे बारा.

ओळ एकाच ठिकाणी तुटत होती. तिथे सत्यवतीबाईंचं घर होतं. कुंपणाच्या वर एक फणस, मागच्या परसाखाली एक, आणि मधे तेवढी जागा रिकामी.

"मधला फणस इथे होता की नव्हता?" साहेबांनी विचारलं.

पंचांना माहीत नव्हतं. माहीत असू शकणारं माणूस एकच होतं. बाईंनी पायाखालच्या जमिनीकडे बघितलं. त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर पुढचं सगळं तिथेच थांबलं असतं.

"होतो," त्या म्हणाल्या. "घर बांधूक घोवान तोडल्यान. माजघरातली तुळय तेचीच आसा."

"बाई, हे तुमच्या विरुद्ध जाईल. लिहून घेऊ?"

"लिवा. झाड होतां तां होतां."

हत्तीण त्यांच्याकडे बघत होती.

आदेश मी तयार केला, आणि इथे माझ्या हातून चूक झाली. आमच्याकडे आदेश कधी कोऱ्या कागदावर सुचून लिहीत नाहीत. जुना आदेश समोर ठेवायचा आणि नावं बदलायची. मी एका बैलगाडीच्या रस्त्याचा आदेश घेतला होता, आणि त्यातली दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरली: 'वादींचा रस्ता पूर्वीच्या जागी पूर्ववत खुला करावा. सदर रस्त्यामुळे प्रतिवादीच्या बांधकामास कोणतीही बाधा पोहोचू नये.' साहेबांनी सही केली. शिक्का बसला. नकला दोन्ही पक्षांना गेल्या आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी साहेबांपुढे उभा राहिलो. "साहेब, ही दोन्ही वाक्यं एकत्र पाळता येणार नाहीत."

"आदेश झाला, परुळेकर. अंमलबजावणीला तुम्हीच जा."

मी हत्तिणीला गाठून आदेश वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतला. "दोन्ही पाळू," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी घराची मापं घेतली. पुढचं दार रुंदी तीन फूट दोन इंच, उंची सहा फूट. मागचं दारही तेवढंच. मधे माजघर. सत्यवतीबाईंनी एकही भांडं हलवलेलं नव्हतं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. मी पंचनाम्यावर वेळ टाकली, आणि पहिला हत्ती आत आला.

दार रुंद झालं नाही. हत्ती लहान झाला नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. त्याचा पुरा कान माझ्यासमोरून गेला, मग डोळा, मग ती सुरकुतलेली कूस, जाता संपेना. घरभर ओल्या मातीचा आणि चुरडलेल्या पाल्याचा वास भरला. फळीवरची भांडी वाजली नाहीत. तुळईखाली तो थांबला, सोंड वर करून तिचा वास घेतला, आणि मागच्या दाराने उतरून गेला. कसा गेला ते लिहायला पंचनाम्यात रकाना नाही. मग दुसरा आला. तिसरा आला. प्रत्येक जण तुळईखाली थांबत होता. केरकरबाईंच्या हातात वही उघडी होती, आणि नऊ वर्षांत प्रथमच त्या काही लिहीत नव्हत्या. एका पिल्लाची शेपटी सत्यवतीबाईंच्या लुगड्याला लागली, तशी त्यांनी नकळत हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला. तो जाईपर्यंत तसाच ठेवला.

मी मोजत होतो. अठरा झाले. शेवटी म्हातारी हत्तीण आत आली आणि माजघराच्या मधोमध बाईंसमोर उभी राहिली.

"जाते," ती म्हणाली.

सत्यवतीबाईंनी डोळे पुसले आणि जरा रागावूनच मान हलवली. "घरातसून भायर पडताना जातंय म्हणूचां नाय. येतंय म्हणा."

हत्तिणीने क्षणभर विचार केला.

"येते," ती म्हणाली, आणि उतारावरच्या फणसांकडे निघाली. बाई उंबऱ्यात उभ्या राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी मागचं दार लोटलं. कडी घातली नाही.