चौघांत एक पासवर्ड

मुलाखतीच्या दिवशी सकाळी धाकटीनं सराव म्हणून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि "माझा सर्वांत मोठा गुण म्हणजे..." एवढं बोलून ती गोठली. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. मैत्रिणीनं त्या अवस्थेचा फोटो काढून तिला पाठवला. तो पोचायलाही बराच वेळ लागला.

धाकटीची नोकरी जाऊन आठ महिने झाले होते. घरच्यांनी तिला फार सांभाळून घेतलं होतं, म्हणजे त्या विषयावर ते तिच्यासमोरच, पण कुजबुजत बोलायचे. आत्या तर पाहुण्यांना "ही धाकटी, सध्या घरीच असते," असं सांगायची. मोतीबिंदू झालाय हे सांगावं तशा आवाजात. आज दुपारी चारला एका विमा कंपनीची मुलाखत होती. काम घरून करायचं, पगार बरा, आणि उमेदवाराकडे भरवशाचं इंटरनेट हवं ही पहिली अट.

घरात इंटरनेट उत्तम होतं. फक्त ते समोरच्या काकांकडे जास्त असायचं.

समोरचे काका म्हणजे जिन्याच्या पलीकडच्या दारातले. फुकट्या प्रवाशांना पकडण्यात हयात घालवून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. दोन वर्षांपूर्वी त्यांचं नेट बंद पडलं, तेव्हा ते आईकडे आले होते. "वहिनी, फक्त दोन दिवसांसाठी पासवर्ड द्याल का?" आईनं दिला. साखरेची वाटी नेली तर लोक निदान वाटी तरी परत करतात; पासवर्ड परत करायची रीत अजून पडलेली नाही. पुढं काकांनी स्वतःचं नेट काढूनच टाकलं आणि या घराला एक मोलाचा सल्ला दिला, की राउटर आतल्या खोलीत कोंडून ठेवू नका, बाहेरच्या दाराजवळच्या फळीवर ठेवा, यंत्राला हवा लागते. तेव्हापासून राउटरला हवा लागत होती आणि काकांना रेंज.

"बाबा, मी वायफायचा पासवर्ड बदलतेय," धाकटी म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य मनात ठेवलं असतं तर काम खरंच पाच मिनिटांत झालं असतं. पण बाबा सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि कचेरी त्यांच्यातून निवृत्त व्हायची बाकी होती. मागं न्हाणीघरातला दिवा गेला, तेव्हा नवा किती वॅटचा आणावा यावर त्यांनी तीन बैठका घेतल्या. तोवर सगळे अंधारात आंघोळ करायला शिकले आणि विषय आपोआप निकाली निघाला.

"थांब," बाबा चष्मा पुसत म्हणाले. "असं परस्पर काही करायचं नाही. सगळ्यांना बोलाव."

सगळे म्हणजे आई आणि आत्या. दोघी स्वयंपाकघरातून येऊन सोफ्यावर बसल्या.

"पहिला प्रश्न," बाबा म्हणाले. "पासवर्ड बाहेर गेलाच कसा?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"शेजारी दारात येऊन मागतोय, नाही कसं म्हणायचं?" आई म्हणाली. "आणि दोनच दिवसांसाठी म्हणाले होते."

"दोन दिवस कधीचे, ते नाही ना सांगितलं त्यांनी," आत्या म्हणाली.

"हे बघा, दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो," बाबा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी हे वाक्य वापरून स्वतःला वाचवलं होतं. आज पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या उपयोगी पडलं. "संपूर्ण पासवर्ड एकाच माणसाला माहीत असणं, हेच मूळ दुखणं. आमच्या कचेरीत तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. वीस वर्षांत एकदाही चोरी झाली नाही."

"आणि तिजोरी?" आत्यानं विचारलं. "ती कितीदा उघडली?"

"त्याचा इथं संबंध नाही, ताई."

योजना अशी ठरली. पासवर्डचे चार तुकडे करायचे. प्रत्येकानं आपला तुकडा मनाशी ठरवायचा, कुणाला सांगायचा नाही, कुठं लिहायचा नाही. कुठलाही फोन किंवा लॅपटॉप जोडायचा झाला, की चौघांनी ओळीनं येऊन आपापला तुकडा टाकायचा आणि त्या वेळी बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. कुणी एकटा फितूर झाला, तरी शेजाऱ्याच्या हाती पाव पासवर्ड लागणार.

"म्हणजे मला गाणी ऐकायची झाली तर तुम्हा तिघांना हाका मारू?" आत्या म्हणाली.

"एकदाच मारायच्या. मग यंत्र लक्षात ठेवतं."

"यंत्र ठेवेल रे. आपलं काय?"

धाकटीनं घड्याळाकडे पाहिलं. वाद घातला असता तर त्यासाठी वेगळी बैठक लागली असती. ती म्हणाली, "चालेल. द्या तुकडे, मी टाकते राउटरमध्ये."

"तू कशी टाकणार? टाकताना सगळा पासवर्ड तुला दिसणार."

"मग तुम्ही टाका."

"मग मला दिसणार."

पद्धत इतकी निर्दोष होती, की ती अमलातच आणता येत नव्हती. शेवटी बाबा हळूच म्हणाले, "याला त्रयस्थ माणूस लागेल."

आणि दाराची घंटा वाजली. दारात समोरचे काका उभे होते, हातात फोन.

"वहिनी, सकाळपासून नेट जरा अडखळतंय," ते म्हणाले. "म्हटलं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना, बघून यावं."

"या, या!" बाबांचा चेहरा उजळला. "अगदी वेळेवर आलात."

धाकटीनं बाबांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "बाबा! यांना काढायलाच तर आपण पासवर्ड बदलतोय!"

"हळू बोल. त्यांच्याविरुद्ध काही सिद्ध झालंय का?"

"ते आत्ता स्वतः सांगताहेत की त्यांचं नेट अडखळतंय! त्यांच्याकडे नेटच नाहीये!"

"हे बघ, तुमच्यामुळे बदलतोय असं तोंडावर कसं सांगायचं? उद्या जिन्यात भेटतील. उलट त्यांनाच कामाला घेतलं, तर त्यांना वाईट वाटायचा प्रश्नच येत नाही."

मुलाखतीला दीड तास उरला होता. आत्ता होऊ दे, मुलाखतीनंतर आपण गुपचूप पुन्हा बदलू, असं धाकटीनं ठरवलं. या घरात गुपचूप काही होऊ शकतं, असं तिला आठ महिने घरी बसूनही वाटत होतं, म्हणजे पोरगी खरंच आशावादी होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "फुकटे लोक माजलेत साहेब. मी आयुष्यभर बघितलंय. चेहऱ्यावर लाज म्हणून नसते." मग ते लॅपटॉपसमोर बसले. एकेकानं जाऊन त्यांच्या कानात आपला तुकडा सांगितला. आई सांगून आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर शाळेत पहिला नंबर आल्याचं समाधान होतं. काकांनी चार तुकडे जोडले, बटण दाबलं आणि राउटरचे दिवे एकदा सगळे विझून पुन्हा लागले.

"चौघांची संमती असल्याशिवाय कुणालाही सांगायचा नाही," बाबांनी बजावलं. "आम्हालासुद्धा."

"शब्द दिला," काका म्हणाले. मग केवळ चाचणी म्हणून त्यांनी तो आपल्या फोनवर टाकून पाहिला. "चालतोय," असं जाहीर केलं आणि निघून गेले.

आता लॅपटॉप जोडायचा होता. बाबांनी आपला तुकडा टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग आत्या, मग धाकटी, मग आई. लॅपटॉपनं सांगितलं, पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा सगळे फिरले. पुन्हा चुकीचा. कुणाचा तुकडा चुकतोय हे शोधायला दुसऱ्याचा तुकडा बघावा लागला असता आणि तो बघायला बंदी होती. तिसऱ्या खेपेला आई लॅपटॉपसमोर नुसतीच बसून राहिली.

"काय झालं गं?" बाबांनी भिंतीला विचारलं.

"कुणाच्याही डोक्यात येणार नाही असं काहीतरी घेतलं होतं मी," आई म्हणाली. "आता माझ्याही डोक्यात येत नाहीये."

"एखादी तारीख होती का?" धाकटीनं विचारलं. "कुणाचं नाव? माझं?"

"तुझं कशाला घेईन? ते तर सगळ्यांच्या डोक्यात येईल."

"मोठ्यानं अंदाज करायचे नाहीत!" बाबा ओरडले. "तुकडा गुप्त आहे."

"आई, मला नोकरी मिळण्याची शक्यता आत्ता तुझ्या डोक्यात कुठंतरी अडकलीये. प्लीज."

"अशी घाई केली की आणखी आत जातं ते."

राउटरच्या मागं एक बारीक बटण असतं. ते दाबलं की सगळं कोरं होतं. ते बटण आत्यानं पूर्वी एकदा धूळ पुसताना दाबलं होतं. मग कंपनीचा माणूस आल्याशिवाय यंत्र सुरू झालं नव्हतं, आणि माणूस आठवड्यानं आला होता. राहिलं फोनवरचं इंटरनेट. मोबाइलची रेंज या घरात फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात यायची, तीही वळणावरून डोकावून जाणाऱ्या पाहुण्यासारखी. धाकटी लॅपटॉप घेऊन तिथं वाळत घातलेल्या ओल्या चादरींमध्ये स्टुलावर उभी राहिली. रेंजची एक दांडी आली, वारा सुटला, चादर तोंडावर आली आणि दांडी गेली.

चारला दहा मिनिटं उरली होती. धाकटी रडकुंडीला येऊन खाली उतरली. तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "अगं, जगात एका माणसाला सगळा पासवर्ड माहितीय की."

चौघं लॅपटॉपसकट समोरच्या दारात जाऊन उभी राहिली. आतून गाण्याचा आवाज येत होता, एकदाही न अडखळता.

"काका, पासवर्ड सांगा," धाकटी म्हणाली.

"तो कसा सांगणार, पोरी? शब्द दिलाय."

"पण आम्ही चौघंही आलोय! चौघांची संमती आहे!"

"संमती आहे, पण सांगू कुणाला?" काका म्हणाले. "ज्याला सांगीन त्याला सगळा कळणार. मग साहेबांच्या पद्धतीला अर्थ काय राहिला?"

बाबांनी आदरानं मान झुकवली. आख्ख्या कारकिर्दीत त्यांचा नियम इतक्या निष्ठेनं कुणीच पाळला नव्हता.

"वहिनींचा तुकडा वहिनींना सांगता येईल," काकांनी विचार करून तोड काढली. "पण तो तुमच्या दारापर्यंत टिकेल का? त्यापेक्षा लॅपटॉप इथंच ठेवा. मी टाकतो. तुम्ही तोंड फिरवा."

चौघांनी काकांच्या बैठकीतल्या भिंतीकडे तोंड केलं. मागं टकटक वाजलं. लॅपटॉप जोडला गेला, आणि धाकटीनं पाहिलं तर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. स्वतःच्या घराचं नेट इतकं चांगलं आहे, हे तिला काकांच्या सोफ्यावर बसल्यावर कळलं. तेवढ्यात चार वाजले आणि पडद्यावर विमा कंपनीच्या बाई आल्या. चष्मा, बारीक ओठ, चेहऱ्यावर नकार आधीच टाइप केलेला.

प्रश्न सुरू झाले. अनुभव सांगून झाला, गुण सांगून झाले. या वेळी ती गोठली नाही. मग बाई एकदम थांबल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, "तुमच्या मागं कोण आहेत?"

धाकटीनं पडद्याच्या कोपऱ्यात स्वतःच्या मागं पाहिलं. बाबा, आई आणि आत्या ओळीनं भिंतीकडे तोंड करून उभे होते. वळा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या शेजारी काका हाताची घडी घालून उभे होते, तिकीट तपासायला उभं राहावं तसे.

खरं सांगायला वेळ नव्हता आणि खोटं सुचत नव्हतं. धाकटी म्हणाली, "ही आमची सुरक्षा व्यवस्था आहे, मॅडम. घरात गोपनीय काम चालू असताना कुणी पडद्याकडे बघत नाही."

"आणि ते गृहस्थ?"

"ते बाहेरचे निरीक्षक आहेत. घरातल्या माणसांवर आम्ही विश्वास ठेवत नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला. "आज आठवा उमेदवार," त्या म्हणाल्या. "एकाच्या मागं टीव्ही चालू होता, एकाच्या मागं भांडण. घरून काम करताना गोपनीयता कशी राखाल, हा प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. आता नाही विचारत."

संध्याकाळी नोकरी मिळाल्याचा निरोप आला. आईनं काकांकडे बशी भरून बिस्किटं पाठवली. गुपचूप पासवर्ड बदलायचा धाकटीचा बेत त्या आनंदात मागं पडला, आणि नंतर घरातले सगळेच फोन काकांनी एकेक करून इतक्या प्रेमानं जोडून दिले, की विषय काढायची तिलाच लाज वाटली. आत्या आता पाहुण्यांना सांगू लागली, "ही धाकटी. घरीच असते, पण पगार मिळतो."

पुढच्या सोमवारी धाकटी कामावर रुजू झाली, म्हणजे आतल्या खोलीत जाऊन बसली. पहिल्याच मीटिंगमध्ये साहेबांनी तिला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. "मी इथं येण्याआधी..." एवढं बोलून ती गोठली. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. घरातल्या सगळ्या फोनांचं नेट एकाच वेळी गेलं होतं.

ती धावत बाहेर आली. दारात काका उभे होते.

"पोरी, तुझ्या त्या मीटिंगांनी नेट फार अडखळायला लागलंय गं," ते म्हणाले. "म्हणून मी आत्ताच पासवर्ड बदलला."

धाकटीनं कपाळाला हात लावला. काकांना तिची दया आली. त्यांनी मागं-पुढं पाहिलं, आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"देतो तुला. पण फक्त दोन दिवसांसाठी हं. आणि वहिनींना सांगू नकोस. त्या कुणालाही देतात."