सासऱ्यांची बोट आणि दोन भोकं

मला यंत्रातलं कळतं. ही बढाई नाही, माहिती आहे. रामदासपेठेतल्या निम्म्या दवाखान्यांच्या लिफ्ट माझ्या हातून चालतात. त्यामुळे सासऱ्यांच्या बोटीचं काम दोन दिवसांत करून देतो, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं!

माझे सासरे मधुकरराव सावनेरच्या पुढे राहतात. घर धरणाच्या पाण्याच्या या काठाला, शेत त्या काठाला. बोटीने वीस मिनिटं, सडकेने पंचवीस किलोमीटर. कापूस वेचणीला आलेला, म्हणजे बोट बसली की शेत बसलं.

बोटीचं इंजिन मधोमध होतं. त्याचा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, तळातल्या भोकातून खाली जायचा आणि बोटीखालचा पंखा फिरवायचा. पण पलीकडच्या काठाला पाणी उथळ, आत बुडालेल्या झाडांची खुंटं. दरवर्षी पंखा आपटून मोडायचा. माझी योजना सोपी होती. इंजिन मागच्या फळीला टेकवायचं, फळी कापून पंखा मागे बाहेर लटकवायचा, आणि उथळ पाणी आलं की खटका दाबून तो वर उचलायचा. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. जुन्या बाजारातून एक मी मिळवलाही.

"म्हंजे बोटीले मांगून कापाव लागन?" सासऱ्यांनी विचारलं.

"थोडंसं." मी हातांनी परातीएवढं माप दाखवलं.

त्यांनी गड्याकडे, गोविंदाकडे पाहिलं. गोविंदाने पाण्याकडे पाहिलं.

"तुमी म्हणता तं कापा, जावईबापू."

या घरात जावयाला कुणी नाही म्हणत नाही. आठ वर्षांत मला कुणी साधं 'जरा सरका' म्हटलेलं नाही.

ट्रॅक्टरने बोट काठावर ओढली आणि मी कामाला लागलो. फळी कापली, रबर बसवलं, एकेक बोल्ट दोनदा आवळला. तळातलं जुनं भोक शेवटी बुजवू म्हणून त्यात तात्पुरता माझा उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा कोंबला. पण मागचं काम इतकं देखणं झालं, की मी दिवसभर त्याच्याकडेच बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नारळ फुटला, कुंकू लागलं. निघताना सासूबाईंनी, कौशल्याबाईंनी, धुऊन घडी केलेला माझा दुपट्टा हातात दिला. डोकं असलेला माणूस इथे थांबला असता. मी तो गळ्यात घातला आणि मनात म्हटलं, किती करतात या माझ्यासाठी!

बोट झकास पळाली. अर्ध्या पाण्यात गोविंदाने पाय वर घेऊन मांडी घातली. थोड्या वेळाने सासऱ्यांनी खालची डब्याची पिशवी उचलून मांडीवर ठेवली. मग माझे मोजे भिजले.

"अहो, पाणी!"

"हो," सासरे अदबीने म्हणाले, "येऊन राहिलं थोडंसं."

"कधीपासून?"

"निंगालो तवापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"मले वाटलं, इंजिन थंड ठेवाले घेतलं असन," गोविंदा म्हणाला.

"भोक तं आमाले कालच दिसलं होतं," सासरे म्हणाले. "पण जावयाले कसं सांगाव? ठेवलं असन काही हिशेबानं."

मला पोहता येत नाही. हेही मी त्या घरात कुणाला सांगितलं नव्हतं. गळ्यातला दुपट्टा काढून भोकात कोंबला, तो पाण्याने परत फेकला. पुन्हा कोंबला. शेवटी गोविंदा त्यावर टाच रोवून बसला. पलीकडचा काठ जवळ होता. मी इंजिन पूर्ण वेगात सोडलं, आणि समोर ती खुंटं दिसली. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"अबे येड्या! पाहून काय राहिला? पंखा उचल!"

हे मधुकरराव होते! मला म्हणत होते! मी खटका दाबला. पंखा वर आला, बोट खुंटांवरून घसटत गेली आणि चिखलात जाऊन रुतली. माणसं शाबूत, बोट शाबूत. जुना शाफ्ट असता तर खुंटावर अडकून तिथेच बुडालो असतो, हे सासऱ्यांनीही कबूल केलं. पण ते नंतर. आधी अर्धा तास त्यांनी मला उभं आडवं झापलं. आठ वर्षांचं साचलेलं सगळं निघालं. लग्नात मी घोड्यावर बसायला लावलेला वेळसुद्धा निघाला. मी चिखलात उभा राहून ऐकत होतो, आणि खरं सांगतो, इतकं मोकळं मला त्या घरात कधीच वाटलं नव्हतं.

जुनं भोक त्याच दुपारी बुजवलं. सासरे शेजारी बसून चुका काढत होते.

संध्याकाळी जेवायला बसलो, तर आठ वर्षांत पहिल्यांदाच मला पाट मांडलेला नव्हता.

"वाढून घे गा," सासूबाई म्हणाल्या, "अन् ताट घासून ठेवजो."

मी मोठ्या आनंदाने घासलं. त्यांनी ते हातात घेऊन निरखून पाहिलं आणि मला तोंडावर सांगितलं, "खरकटं तसंच हाय. परत घास."