अस्सल दात (बनावट)

निवृत्त दंतवैद्याने बावीस वर्षांत राक्षसी शार्कचे एकेचाळीस दात जमवले होते. भरती ओसरली की ते खाडीकाठच्या मातीच्या कड्यातून निसटून पडत. शार्कची ती जात लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेली. दात मात्र तळहाताएवढे, काळपट, करवतीसारख्या कडांचे. गुडघे गेल्यावर डॉक्टरांनी ते सगळे संग्रहालयाला द्यायचे ठरवले.

"फुकट देताय?" बायको म्हणाली. "मग कोणी घेणार नाही."

संग्रहालयाच्या अधिकारी बाईंनी नियमावली उघडली.

"दात अस्सल आहेत?"

"शंभर टक्के."

"मग पंचाईत आहे. अस्सल जीवाश्म विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे."

"परवाना कुठे मिळतो?"

"इथेच. पण दात सापडण्याआधी अर्ज करावा लागतो."

डॉक्टरांना घाम फुटला. बाईंना दया आली. त्यांनी आवाज खाली आणला. "बनावट आहेत असं लिहून द्या ना. बनावट दातांना कसलीच आडकाठी नाही."

अटकेपेक्षा अपमान बरा, म्हणून डॉक्टरांनी 'सदर दात बनावट असून मी ते स्वखुशीने देत आहे' असे लिहून सही केली. ज्या हाताने कधी चुकीचा दात उपटला नव्हता, त्याच हाताने.

आता कागदोपत्री बनावट असलेली वस्तू काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. सबब, अस्सल दातांसाठी निविदा निघाली. कंत्राटदाराने प्लास्टरचे पुरवले: पांढरेशुभ्र, दुप्पट मोठे, प्रत्येकासोबत अस्सलपणाचा शिक्कामोर्तब केलेला दाखला. समितीने एकमताने शेरा मारला, 'हे दातांसारखे दिसतात.'

उद्घाटनाला डॉक्टर काठी टेकत गेले. दिव्यांच्या झोतात प्लास्टर झळकत होते. त्यांचे स्वतःचे दात दाराशी सापडले. पाच दात फायलींवर वजन म्हणून, बाकीचे टोपलीत, 'हात लावण्यास हरकत नाही' या पाटीखाली. कोणीच लावत नव्हते.

एक दात उचलून ते गर्दीत शिरले. "अहो, ते प्लास्टर आहे! खरा हा. एकदा कडेवरून बोट तर फिरवा!"

काचेपुढे एक कुटुंब दात विचकून उभे होते. फोटो काढणारा काकुळतीने म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला व्हा ना. मध्ये येताय."

डॉक्टर बाजूला झाले. फोटो छान आला. सगळीकडे फिरला. तुमच्याकडेही आला होता. धड न बघताच तुम्ही त्याखाली बदाम टाकलात.