मेमरीची वाटणी

हॉस्पिटलमधली सगळी यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या मुख्य स्विचमधल्या मेमरीची नवी वाटणी करून नेटवर्कवाल्या बाई हात झटकत उठल्या. आपलं कोणतं यंत्र कोणत्या केबलला आहे, हे लक्षात ठेवायला त्या मेमरीचा एक भाग असतो आणि बाहेरच्या जगाचे रस्ते लक्षात ठेवायला दुसरा. जग केवढं अफाट! बाईंनी उदार मनानं जवळजवळ सगळी जागा जगाला देऊन टाकली आणि स्विच पुन्हा चालू केला.

थोड्याच वेळात एक्स-रेवाल्या काकांचा फोन आला.

"बाई, पेशंटची मांडी पोचली, पण गुडघा अजून वाटेतच आहे!"

"काय?"

"अहो, फोटो! ऑपरेशनच्या खोलीत स्क्रीनवर अर्धाच उघडलाय. डॉक्टर हातमोजे चढवून ताटकळलेत, माझ्या नावानं खडे फोडतायत!"

बाई स्विचच्या खोलीकडे धावल्या आणि दारातच थबकल्या. स्विचचे सगळे हिरवे दिवे एका तालात लुकलुकत होते. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरच्या यंत्रांसाठी उरलेली चिमूटभर जागा केव्हाच भरली होती. आता ज्याचा ठिकाणा आठवेना, त्याचा निरोप स्विच प्रत्येक केबलमध्ये शिरून ओरडत होता. तो गुडघा एकाच वेळी औषधांच्या दुकानात, कँटीनमध्ये, थेट लिफ्टच्या कॅमेऱ्यापर्यंत धडकत होता आणि या गर्दीत सगळे रस्ते तुंबले होते.

"एवढं विसरलास, तरी कुणाला वाऱ्यावर सोडलं नाहीस रे," बाई पुटपुटल्या. त्यांना भरून आलं.

"अहाहा!" मागे मोठे डॉक्टर उभे होते. हॉस्पिटल त्यांचंच. "एवढं काम चालतं आपल्याकडे? मला कुणी दाखवलं कसं नाही?"

"साहेब, हा बिघाड आहे."

"असेल हो! पण काय देखणा आहे!"

"तिकडे गुडघा अडकलाय!"

"मग बघताय काय? हलवा ना हात!"

बाईंनी जगाला दिलेली जागा काढून घरच्या यंत्रांना दिली. स्विच बंद झाला, पुन्हा उठला. दिवे आता एकेकटे, आपापल्या कामापुरते लुकलुकू लागले. फोनवर काका ओरडले, "आला! अख्खा आला, वाटीसकट!"

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. मोठे डॉक्टर मात्र हिरमुसून त्या शांत दिव्यांकडे बघत होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पाहुणे येतायत. थोडा वेळ परत बिघडवता येईल का?"

बाईंनी ठणकावून नाही म्हणायला तोंड उघडलं.

"रविवारी बोलवा," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनं नसतात."