गाईच्या तोंडात गाय

कुंदाताईंचा नेम मोडेल असा दिवस मुलुंडमध्ये अजून उगवला नव्हता. सकाळी पूजा, मग पहिली पोळी गुळाचा खडा ठेवून गाईला, आणि त्यानंतरच स्वतःच्या पोटात घास. गायही ठरलेली: देवळाबाहेर बांधलेली, सुंदराबाईंची कपिला.

मुलगा केयूर शिल्पकार. बागांसाठी हसरे प्राणी घडवायचा. यंदा त्याने जवळच्या बागेत फायबरची पोकळ गाय बसवली होती. शिंगं गुलाबी, धड वासराएवढं आणि तोंड मात्र पिंपाएवढं, सताड उघडं. त्यात लोकांनी कचरा टाकायचा. शनिवारी उद्यान खात्याचे साहेब पाहणीला येणार होते. पसंत पडली तर सगळ्या बागांचं काम केयूरला. नाहीतर पुन्हा मखरांना रंग मारत बसायचं.

"गाईच्या तोंडात कचरा रे?" कुंदाताईंनी हळूच विचारलं होतं.

"आई, खऱ्या गाई रोज प्लास्टिक खातात. हिला निदान पचतं तरी."

वाद घालणं कुंदाताईंना जमत नसे. उत्तर द्यायचं नसलं की त्या जपाची माळ घेत. माळ हातात असताना बोलायचं नाही, हाही नेमच.

आणि सोमवारी कपिला जागेवर नाही! कुणाच्या तरी वास्तुशांतीला तिला भांडुपला नेलं होतं. मुलुंडभर हिंडता हिंडता दुपार झाली. म्हशी भेटल्या, गाय नाही. भुकेने डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले तेव्हा बागेच्या कुंपणापलीकडे एक उघडं तोंड दिसलं. कुंदाताईंनी इकडेतिकडे पाहिलं, मनात देवाची क्षमा मागितली आणि पोळी आत सोडली.

बाकावरच्या बायकांनी ते पाहिलं. घडवणाऱ्याच्या आईनेच घास दिला म्हणजे गाय साधीसुधी नसणार, असं ठरलं. मंगळवारी तिला हळदकुंकू लागलं, बुधवारी हार आला, गुरुवारी पुरणपोळी. वेफर्सचं पाकीट टाकायला आलेल्या एका काकांना असं झापलं गेलं, की ते पाकीट खिशात घालून घरी गेले. भांडुपहून परतलेल्या सुंदराबाईंच्या चाऱ्याला तर गिऱ्हाईकच उरलं नाही. ही नवी गाय शेपटी मारत नव्हती ना!

केयूरने गाईच्या पोटाचं झाकण उघडलं तर आत पोळ्यांची चळत. घरी येऊन त्याने विचारलं, हे कुणी सुरू केलं? कुंदाताईंची माळ शिवणयंत्राच्या चाकासारखी फिरू लागली.

शनिवारी साहेब आले, तेव्हा गाईपुढे पोळ्या घेतलेल्या बायकांची रांग लागली होती. साहेबांच्या मागोमाग, गुळाच्या वासावर, दावं तोडून कपिला आली. तिने सरळ त्या तोंडात तोंड घातलं आणि शिंगं अडकली. तिने मान उचलली, तशी फायबरची गाय बोल्टसकट उपटली गेली. डोक्यावर गाय घातलेली गाय बागभर धावू लागली. मागे केयूर, त्याच्यामागे सुंदराबाई, आणि साहेब घसरगुंडीवर, उलट्या बाजूने चढलेले.

पाहणी बघायला आलेल्या कुंदाताई पुढे झाल्या. "कपिले, थांब गं बाय."

रोजचा आवाज ओळखून कपिला थांबली. केयूरने आणि सुंदराबाईंनी मिळून शिंगं सोडवली.

साहेब घसरत खाली आले. आत खाणं टाकायला सुरुवात कुणी केली, असं त्यांनी विचारलं. कुंदाताईंचा हात माळेकडे गेला. केयूरचा पडलेला चेहरा दिसला, आणि हात परत आला.

"मी," त्या म्हणाल्या. "त्याचा दोष नाही. काम त्याच्याकडेच राहू द्या."

साहेबांनी पँट झटकली. "राहू दे म्हणजे काय? रांग लावून कचरापेटी भरणारे लोक मी पहिल्यांदाच बघतोय. काम दिलं. फक्त ज्याला कुणी हात जोडत नाही, असा प्राणी करा."

संध्याकाळी मायलेक विचाराला बसले. हत्ती म्हणावं तर गणपती, माकड म्हणजे मारुती, कुत्रा दत्तगुरूंचा, कासव देवळाच्या दारात, डुक्करसुद्धा अवतार निघाला. शेवटी पाणघोडा उरला. कुंदाताईंनी खूप आठवून पाहिलं, पण त्याचा देव काही सापडेना.

पाणघोडा बसला. दुसऱ्याच दिवशी त्याचं पोट पाकिटांनी, बाटल्यांनी गच्च भरलं. केयूर खूश होऊन बघायला गेला. कपाळावर तेवढं एक ताजं जास्वंदीचं फूल होतं, घरच्या कुंडीतल्यासारखंच.

"आई?" घरात शिरता शिरता तो म्हणाला.

कुंदाताईंनी माळ हातात घेतली.