प्रार्थनेच्या खोलीचे दार

लग्न पाच वाजता होते, दुपारचे तीन वाजत आले होते आणि कुलूपवाल्याचे जायचे की नाही ते अजून ठरत नव्हते. कोट कपाटातून बाहेर आला होता, आत गेला होता आणि आता पुन्हा बाहेर आला होता.

लग्न सख्ख्या पुतणीचे होते. अडचण पुतणीची नव्हती, तिच्या बापाची होती. म्हणजे कुलूपवाल्याच्या थोरल्या भावाची. थोरला सुतार. सहा वर्षांपूर्वी चर्चमध्ये प्रार्थनेसाठी वेगळी खोली बांधली, तेव्हा दार थोरल्याने केले आणि कुलूप धाकट्याने बसवले. पहिल्याच रविवारी खुद्द पाळकसाहेब आत अडकले आणि प्रवचन पाऊण तास उशिरा सुरू झाले. काही जणांनी त्याबद्दल मनातल्या मनात देवाचे आभार मानले, ते सोडा. पण थोरला म्हणाला, "कुलूपच भिकार आहे," आणि धाकटा म्हणाला, "दारच वाकडं आहे." तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद. त्या खोलीत दोघांपैकी एकानेही पाऊल टाकले नव्हते.

काल पुतणी दुकानात आली होती. किल्ल्या घासायच्या यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवून तिने सांगितले, "काका, उद्या माझ्या एका बाजूला बाबा चालणार, दुसऱ्या बाजूला तुम्ही. नाही आलात तर ती बाजू रिकामी ठेवून चालेन. दुसऱ्या कुणाला उभं करणार नाही."

ती गेली, आणि काकांनी त्या दिवशी तीन किल्ल्या चुकीच्या कापल्या. या पोरीला त्याने खांद्यावर बसवून फिरवले होते. जावेसे फार वाटत होते. पण गेलो तर कुलूप भिकार होते हे कबूल केल्यासारखे होईल, हे काही केल्या घशाखाली उतरत नव्हते.

"शहाणपण कमी पडलं तर देवाकडे मागावं, असं पाळकसाहेब दर रविवारी सांगतात," बायको केसांत पिना खोचत म्हणाली. "तुम्हाला पडतंय. मागा."

"सकाळपासून मागतोय."

"इथे नाही ऐकू यायचं, इथे मी बोलतेय. चर्चच्या त्या खोलीत जा. मी येतेच मागून. आणि कोट घालून जा. उत्तर काय येईल सांगता येत नाही."

कोट घालून कुलूपवाला निघाला. खोलीबाहेरच्या टोपलीत नियमाप्रमाणे फोन ठेवला, 'प्रार्थना चालू आहे' ही पाटी दाराला अडकवली, आत जाऊन दार लोटले आणि गुडघे टेकले.

"देवा, मला शहाणपण दे. जाऊ की नको, ते सांग. फक्त एवढं लक्षात असू दे, की कुलूप चांगलं होतं."

मग देवाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून तो थोडा वेळ गप्प बसला. उत्तर आले नाही. गुडघे मात्र दुखायला लागले. तो उठला, हँडल फिरवून दार ओढले, आणि दार हलले नाही. त्याने जोर लावला. दार तिथेच राहिले, हँडल हातात आले.

कुलूपवाल्याच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा होता, निम्मे शहर उघडेल एवढा. पण या दाराला आतून किल्लीचे भोकच नव्हते. खिडकी म्हणावी तर छताजवळचा झरोका, त्यातून मांजरही अंग चोरूनच गेले असते. त्याने दार बडवायला सुरुवात केली. "अहो, कुणी आहे का? मी अडकलोय!"

बाहेर गायनवर्गाच्या बाई लग्नासाठी बाकांना फुले बांधत होत्या. थोरल्याने दार दोन बोटे जाड, भरीव लाकडाचे केले होते. त्यातून शब्द कळत नव्हते, कळकळ तेवढी कळत होती. बाईंनी पाटी पाहिली, टोपलीतला फोन ओळखला आणि धावत जाऊन पाळकसाहेबांना आणले.

"सहा वर्षांनी हा माणूस या खोलीत आलाय," पाळकसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "ऐका, कसा छाती पिटतोय. कुणीही मध्ये पडू नका."

कुलूपवाला कुलूप लावलेल्या खोलीत अडकला असेल, हे तिथे कुणाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. बाईंनी गुडघे टेकले. सजावटीला आलेली चार माणसे त्यांच्यामागे बसली. आतला आवाज जसजसा वाढला, तसतशी बाहेरची भक्ती वाढली.

अर्ध्या तासाने कुलूपवाला घसा बसून थांबला. करायला दुसरे काही उरले नाही, म्हणून त्याने सहा वर्षांत पहिल्यांदा ते दार नीट पाहिले. सांधे एकजीव होते. कुठे फट नव्हती. एवढे बडवूनही दाराला साधा ओरखडा नव्हता. मग त्याची नजर चौकटीकडे गेली, कुलपाची जीभ जिथे बसते त्या खाचेकडे. त्याने बोट लावून पाहिले. खाच दोन रेघा वर पडली होती. जीभ तिच्या खालच्या कडेवर अडकत होती.

खाच त्यानेच पाडली होती. त्या दिवशी त्याला घाई होती. कसली, तेही आता आठवत नव्हते.

तो मटकन खाली बसला. "देवा," तो पुटपुटला, "हे जरा आधी सांगायचं होतंस." मग त्याला जाणवले की देव कधीही सांगायला तयार होता, हाच सहा वर्षे खोलीत आला नव्हता. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखे वाटले. आता काय करायचे ते लख्ख ठाऊक होते. लग्नाला जायचे, दादाचे पाय धरायचे, पुतणीच्या बाजूला उभे राहायचे. फक्त बाहेर पडता येत नव्हते. आणि घड्याळात साडेचार वाजले होते.

त्याच वेळी नवरीचा बाप नव्या कोटात चर्चमध्ये आला. गुडघे टेकलेली गर्दी पाहून तो गोंधळला. बाईंनी डोळे पुसत सांगितले, "तुमचा भाऊ आत आहे. तासाभरापासून रडतोय."

थोरला तडक दाराकडे धावला. "थांबा, थांबा," पाळकसाहेब म्हणेपर्यंत त्याने दाराला खांदा लावला होता. दार खाडकन आत उघडले, थोरला धाकट्याच्या अंगावर पडला, आणि भिंतीवर आपटलेले दार उलटे येऊन पुन्हा घट्ट बसले.

"दादा, दार लावलंस कशाला?"

"मी कुठे लावलं? आपोआप लागलं! ओढ की."

धाकट्याने मूठ उघडून हँडल दाखवले. थोरल्याने हँडलकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले.

"दादा, चूक माझी होती. ही खाच बघ. घाईत पाडली मी."

थोरला खाच बघायला वाकला, पण नजर गेली फरशीवर. तिथे दाराने घासून अर्धवर्तुळ उमटवले होते. "खाच राहू दे," तो म्हणाला. "दाराची खालची कड घासतेय. रंधा मारायचा राहिला होता माझा. चूक माझी."

"तुझी कशी? खाच माझी आहे!"

"कड कुणाची आहे? थोरला कोण, तू की मी?"

"नेहमी तुझंच खरं!"

भांडण सहा वर्षांपूर्वीचेच होते, बाजू तेवढ्या बदलल्या होत्या. दोघांच्या ते एकदमच लक्षात आले. थोरला आधी हसला, धाकट्याला आधी रडू आले, आणि मग कोण काय करतोय ते कळेनासे झाले.

बाहेर ऐकू येणारा आतला आवाज थांबला. पाळकसाहेबांनी हात वर केला. "आता तर त्यांना मुळीच हलवायचं नाही."

पाचला दहा कमी असताना नवरीची आई, म्हणजे कुलूपवाल्याच्या वहिनी, नवरीला घेऊन आल्या. मागोमाग धाकट्याची बायको. पाळकसाहेबांनी ओठांवर बोट ठेवले.

"प्रार्थना मघाशीच संपली असणार. बाहेर येता येत नसेल त्यांना," वहिनी म्हणाल्या. त्यांनी बाहेरचे हँडल धरून दार वर उचलले, खालच्या कोपऱ्याला चपलेची ठोकर दिली, आणि दार लोण्यासारखे उघडले.

आत दोघे भाऊ एका रुमालात नाक पुसत उभे होते.

"हे कसं उघडलंत, वहिनी?" कुलूपवाल्याने विचारले.

"वर उचलायचं तुमच्या कुलपासाठी, भावोजी. खाली ठोकर यांच्या दारासाठी. सहा वर्षं आम्ही असंच उघडतो. सगळ्या मंडळीला ठाऊक आहे."

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हा दोघांसमोर त्या दाराचं नाव काढायची कुणाची छाती होती?"

पुतणीने एक हात बापाच्या हातात घातला आणि दुसरा काकांपुढे केला. काकांनी हँडल डाव्या हातात घेतले आणि उजवा हात दिला. ठीक पाच वाजता तिघे निघाले, आणि तिची कुठलीच बाजू रिकामी नव्हती. पहिल्या बाकावर धाकट्याची बायको इतका वेळ आवरून धरलेले रडू मनसोक्त रडली.

लग्न लागले. सह्या झाल्या. बाहेर पडताना थोरला मोठ्या आवाजात म्हणाला, "उद्या सकाळी रंधा घेऊन येतो. ते दार नीट करून टाकू."

"मी नवं हँडल आणतो," धाकटा म्हणाला. "आणि खाचही खाली घेतो. दोघं मिळून करू."

दोघं मिळून, हे शब्द ऐकताच पायऱ्यांवरची मंडळी चिडीचूप झाली. गायनवर्गाच्या बाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिले. पाळकसाहेब झपाझप पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी दोघांपुढे चक्क हात जोडले.

"तुम्हाला शहाणपण मिळालं, आम्ही धन्य झालो," ते म्हणाले. "तेवढं हँडल बसवा. बाकी दाराला हात लावू नका!"